हम येतो

हम म्हणजे काय, हे मी आजवर इतक्या लोकांना समजावून सांगितलं आहे की आता कोणी विचारलं तर ‘जरा डोकं दुखतंय’ म्हणून विषय बदलतो. पण गोष्ट सांगायला बसलोच आहे, तर शेवटचं सांगतो. अँप्लिफायर चालू केला आणि गाणंबिणं काही लावलं नाही, तरी स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येत राहतो. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. त्याला हम म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, पण आवाजाला कुठलीही भाषा चालते.

मी गुरुशांत. हायस्कुलात भूगोल शिकवतो. जुने अँप्ली आणायचे, उघडायचे, त्यांतलं काहीतरी बदलायचं आणि जमल्यास परत बंद करायचे, हा माझा छंद. त्याला घरात एक कपाट, अर्धं टेबल आणि रविवारची दुपार एवढी जागा मिळालेली आहे, आणि ही हद्द माझ्या बायकोने, रेश्माने, आखून दिलेली आहे. ती पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे हद्दीच्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. या छंदातून घराला काही उपयोग व्हावा अशी तिने कधी अपेक्षा केली नाही आणि मीही तिला तशी आशा लावली नव्हती. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग मंगळवेढ्याहून सासूबाई आल्या.

मथुराबाई त्यांचं नाव. सासरे गेल्यावर घरात त्या एकट्याच उरल्या, मेहुणे सयाजीराव पुण्याला, म्हणून रेश्माने त्यांना जुळे सोलापुरात आमच्याकडे आणलं. गुडघे दुखायचे, म्हणून दोन जिने उतरून खाली जाणं बंद. कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून गप्पा मारणं बंद. उरला टीव्ही. संध्याकाळी सातला त्यांची मालिका लागायची आणि सासूबाई तिचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत न्यायच्या. कानाच्या मशीनचं मी सुचवून पाहिलं. त्यावर, कानात मशीन घालायला मी काय टेलिफोन हाय का, असं त्यांनी विचारलं.

आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर सिद्धाप्पा राहतात. मूळचे मैंदर्गीचे, निवृत्त झालेले आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. अत्यंत सभ्य माणूस. भांडायला येतानासुद्धा चप्पल दाराबाहेर जोडून ठेवतात. एका संध्याकाळी ते आले, पाणी घेतलं आणि म्हणाले, “सर, काल त्या सुनेला घराबाहेर काढलं ते आम्हाला खाली बसून कळलं. आता ती परत येणार असंल तर जरा हळू येऊ द्या.”

सासूबाईंना दारावरची बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. हे वाक्य मात्र त्यांना स्वयंपाकघरातून ऐकू आलं. त्यांनी बाहेर येऊन टीव्ही बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन पिशवी भरायला घेतली. रेश्मा मागोमाग गेली. त्या रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत, लुगड्यांच्या घड्या घालत एवढंच म्हणाल्या, “मी जाते माज्या घरी. तितं टीवी कितीबी मोटा केला तरी ऐकाया हाय कोण?”

ते घर मी पाहिलेलं होतं. चार खोल्या, आणि संध्याकाळी दिवा एकाच खोलीत. रेश्मा बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी बोललो. टीव्हीचा आवाज माझ्या अँप्लीत घ्यायचा, तिथून एक छोटा स्पीकर आईंच्या खुर्चीशी, अगदी कानाजवळ बसवायचा. त्यांना स्वच्छ ऐकू येईल आणि खाली सिद्धाप्पांना काहीच कळणार नाही. रेश्मा म्हणाली की हे चांगलं आहे. लग्नानंतर माझ्या छंदाबद्दल हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे मी हुरळून गेलो. सासूबाईंनी पिशवी तशीच भरलेली ठेवली, पण आकितीपातुर थांबते म्हणाल्या. म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत मुदत मिळाली.

स्पीकर बसवला, वायर ओढली, अँप्ली चालू केला. घूंऽऽ.

याआधी त्याच अँप्लीवर मी किती गाणी ऐकली होती, कधी असला आवाज नव्हता. टीव्ही जोडला आणि हा पाहुणा आला. मालिकेतली सून काहीतरी कळवळून बोलत होती आणि तिच्यावरून पिठाची गिरणी फिरत होती. सासूबाईंनी कान लावला आणि इकडं गिरणी कुटं हाय म्हणून विचारलं. बारीक आवाज त्यांना ऐकू येत नाहीत, पण जाड आवाज अगदी व्यवस्थित येतात, हे मला तेव्हा कळलं.

जुन्या अँप्लीवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर मी माझं दुःख मांडलं. या ग्रुपवर कोणी आजारी असल्याचं कळवलं तर दोन दिवसांनी उत्तर येतं, पण अँप्ली आजारी असला की माणसं जेवण टाकून धावतात. एकाने सांगितलं कंडेन्सर बदला. दुसऱ्याने सांगितलं कंडेन्सर बदलू नका. तिसऱ्याने माझ्या अँप्लीचा फोटो बघून तो विकणार का म्हणून विचारलं. मी पहिल्याचं ऐकलं. कंडेन्सर म्हणजे छोट्या डब्यासारखी वस्तू. तिला एक अधिकची बाजू असते आणि एक उण्याची, आणि उलटी बसवली तर ती ते मनाला लावून घेते.

मी सगळे बदलले. एक उलटा बसला. तो नेमका कधी मनाला लावून घेईल ते त्याच्यावर होतं. त्याने सिद्धाप्पा चहाला आलेले असतानाची वेळ निवडली. आवाजाचं आता त्रास देणार नाही हे सांगायला मीच त्यांना वर बोलावलं होतं. “आता तुम्हाला कुठलाही आवाज...” इथपर्यंत मी आलो आणि अँप्लीतून फाट असा बार झाला. पांढऱ्या कागदाचा भुसा हवेत उडाला, खोलीभर मासळी जळल्यासारखा वास पसरला. भुसा सावकाश खाली उतरला. त्यातला थोडा सिद्धाप्पांच्या चहात पडला. त्यांनी कप बशीत ठेवला, “इरली बिड्री,” म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये असू द्या असू द्या, आणि चप्पल घालून खाली गेले. त्यांच्या जागी दुसरा असता तर चार शब्द बोलून मोकळा झाला असता. या सभ्यतेचा मला फार त्रास होतो.

तो कंडेन्सर परत बदलला. हम तसाच.

तळमजल्यावर हुसेनसाब राहतात. जन्मभर एसटी चालवली, अक्कलकोट रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना नावाने माहीत. अँप्लीचा बार उडाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. ते चौकशीला वर आले आणि काय झालंय विचारलं. मी थकलेल्या आवाजात म्हणालो, “काही नाही हो हुसेनसाब, हम येतो.”

ते दारातच थांबले. “हम तो आ गए,” ते म्हणाले. “और कौन आने वाला है?”

त्यांना बसवून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, स्पीकरला कान लावला, अँप्लीवर हात ठेवून थरथर पाहिली आणि गाडीत असा आवाज आला तर बेअरिंग गेलेलं असतं, असं निदान केलं. अँप्लीत बेअरिंग नसतं म्हटल्यावर त्यांचा अँप्लीवरचा विश्वास थोडा कमी झाला.

तेवढ्यात ग्रुपवरच्या एका जाणत्याने निकाल दिला की हा दोष अर्थिंगचा आहे. बिल्डिंगचं अर्थिंग तपासा. ते मी तपासलं, म्हणजे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. त्याने सांगितलं की अर्थिंग आहे, पण ते नावापुरतं आहे. तेव्हा आधी वीज कार्यालयात विचारून या.

मी रजा टाकून गेलो. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं आणि खिडकीबाहेरची रांग सावली जिकडे सरकेल तिकडे सरकत होती. खिडकीतल्या बाईंनी तक्रारीचा प्रकार विचारला. हम येतो, मी म्हणालो. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. त्यात वीज गेली, वीज कमी-जास्त होते, वायर तुटली आणि खांब वाकला एवढेच प्रकार होते. हम नव्हता. वीज गेली म्हणावं तर ती होती. वायर शाबूत होती. मागचे लोक पुढे ढकलत होते. त्या बाईंनी सद्भावनेने सांगितलं की कुठला तरी एक प्रकार टाकल्याशिवाय नंबर पडत नाही, आणि नंबर पडला की माणसं येतात, मग त्यांना तुमचं ते काय असेल ते सांगा. माझ्या तक्रारीवर ‘खांब वाकला’ असं पडलं.

माणसं दुसऱ्याच दिवशी आली. एवढी तत्परता मला अपेक्षित नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खांब आहे. बिल्डिंग उभी राहिल्यापासून तो थोडा कललेला आहे आणि त्याबद्दल कोणाचंही काही म्हणणं नव्हतं. मी शाळेतून येईपर्यंत त्यांनी गल्लीची वीज तोडून खांब सरळ करायला घेतला होता. त्या दिवशी सोलापूर नुसतं भाजत होतं. पंखे बंद, कूलर बंद, फ्रिजमधलं दूध नासायला लागलेलं. लोक ओले टॉवेल खांद्यावर टाकून गॅलरीत उभे होते आणि ही तक्रार कोणी केली असेल यावर चर्चा चालू होती. मी पण टॉवेल घेऊन उभा राहिलो. चर्चेत थोडा भागही घेतला. संध्याकाळी खांब सरळ झाला, वीज आली आणि अँप्लीने घूंऽऽ म्हणून मला आत बोलावलं. तक्रारदाराचं नाव खाली एका माणसाने मोठ्याने वाचून दाखवलं होतं, हे मला रेश्माकडून नंतर समजलं. ती फक्त म्हणाली, “अहो, तुम्ही गॅलरीत तोंड उघडायला नको होतं.”

आकिती जवळ येत चालली होती. सासूबाई टीव्ही लावत नव्हत्या. खुर्चीत बसून काळ्या पडद्याकडे बघत राहायच्या आणि मी विचारल्यावर ‘मालिका काय मेली न्हाय, चालंल माज्याबिगर,’ असं म्हणायच्या. पिशवी खाटेखाली भरलेलीच होती. त्यांना रोजच्या गोळ्या लागत, तेव्हा रेश्मा ती ओढायची, तिच्यातून गोळ्या काढायची आणि पिशवी परत आत सरकवायची. ते बघितलं की एखादा खड्डा खणून त्यात शिरावं असं मला वाटायचं. पुढे खड्डा मी खरंच खणला.

तो खड्डा म्हणजे अर्थिंगचा, नावापुरतं होतं ते खरोखरीचं करायला. माणसाच्या कमरेहून खोल खणायचा, तळाशी तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि मीठ. इलेक्ट्रिशियन म्हणाला की खड्डा तयार ठेवा, पट्टी बसवायला मी येतो. जागा सोसायटीची, त्यामुळे सिद्धाप्पांकडे अर्ज. अर्ज त्यांनी परत केला. विषयात ‘खड्डा खणणेबाबत’ असं लिहिलं होतं, ते ‘खड्डा खणण्यास परवानगी मिळणेबाबत’ असं पाहिजे होतं. मग पार्किंगमध्ये मीटिंग झाली. एकाने विचारलं की मास्तरांच्या घरातला हम या खड्ड्यातून आमच्या घरात येणार नाही ना. एका बाईंचं म्हणणं, खड्डा होतोच आहे तर त्यात नारळ लावावा. मी कोळशाचं पोतं आणि मिठाची गोणी आणून ठेवली होती. ती बघून कोणाला तरी वाटलं की हुरड्याची पार्टी आहे, पण या उन्हाळ्यात हुरडा कुठून आणणार. शेवटी कंपाउंडच्या भिंतीलगतचा कोपरा ठरला. तो हुसेनसाबांच्या खिडकीसमोर येत असल्याने त्यांची देखरेख आपोआप मंजूर झाली.

रविवारी सकाळी मी पहार घेऊन उतरलो. तो नेमका पाण्याचा दिवस होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ते यायचं तेव्हा येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला माणूसन् माणूस आणि भांडंन् भांडं कामाला लागतं. तो दिवस मी निवडला असं पुढे म्हटलं गेलं. मी रविवार निवडला होता, पाण्याने मला निवडलं.

हुसेनसाब कडेला उभे होते. त्यांनी आयुष्यभर गाडी मागे घेतली आणि दुसऱ्या कोणीतरी मागे उभं राहून हात हलवला. आता हात हलवायची पाळी त्यांची होती. “आने दो, आने दो,” ते म्हणत होते, “जरा लेफ्ट मारो, बस, और आने दो.” मी येऊ देत होतो. शर्ट भिजला, तळहाताला फोड आले, पण खड्डा गुडघ्याएवढा झाला आणि मला अनेक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं. गॅलरीतून लोक बघत होते. मी पहार जरा जास्तच वर उचलली.

भूगर्भातील जलसाठे असा एक धडा आम्हाला आहे. तो मी वर्षानुवर्षं शिकवतो. साठा प्रत्यक्ष बघण्याचा योग त्या दिवशी आला. पाणी आधी बुडबुड करून वर आलं, मग सरळ माझ्या चष्म्यावर आलं आणि मग भिंतीच्या वर गेलं. सोसायटीच्या टाकीकडे जाणारा मुख्य पाइप फुटला होता. त्याच्याच बाजूने गेलेली एक काळी वायरही तुटली होती, पण त्या वेळी तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. वरून लोक बादल्या घेऊन धावत आले. पाणी लाल मातीचं होतं, तरी काहींनी ते भरलं, न जाणो. हुसेनसाबांनी माझ्या हातातून पहार काढून घेतली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, तुम तो भूगोल सिखाते ना?”

पाइपाला बांधायला सायकलच्या ट्यूबची पट्टी माझ्या कपाटात होती. ती आणायला मी वर पळालो. कपाट अँप्लीच्या शेजारी आहे. पट्टी हातात घेतली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरात फार शांत होतं. अँप्लीचा दिवा लागलेला होता. सकाळी हम ऐकायला मीच लावलेला टीव्ही चालूच होता, पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं होती. मी गुडघ्यावर बसून स्पीकरला कान लावला. काही नाही. दुसरा कान लावला. घूं नाही की गिरणी नाही. इतकी स्वच्छ, इतकी खोल शांतता मी आयुष्यात ऐकलेली नव्हती. मी तिथंच बसून राहिलो.

किती वेळ गेला माहीत नाही. वर बघितलं तर दारात रेश्मा उभी होती.

“खाली लोक हंडे घेऊन उभे आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही इथं काय ऐकताय?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. “काहीच ऐकू येत नाहीये.”

माझ्या डोक्यापासून पायापर्यंत चिखल होता आणि मी हसत होतो. याचं स्पष्टीकरण देता आलं असतं, पण तिने ते मागितलं नाही. माझ्या हातातली ट्यूबची पट्टी घेतली आणि स्वतः खाली गेली.

कारण मला पायऱ्या उतरताना उमगलं. ती काळी वायर केबलची होती. सगळ्या बिल्डिंगच्या टीव्हीची. अर्थिंगचा काही संबंध नव्हता. केबलच्या वायरीतून येणारा हम टीव्हीतून अँप्लीत येत होता आणि ती वायर तुटल्यावर तो गेला. टीव्हीमागची केबल काढून बघायला एक मिनिट लागलं असतं. म्हणजे आता बिल्डिंगला पाणी नव्हतं, टीव्ही नव्हता, आणि ज्या स्पीकरसाठी हे केलं तो निर्दोष झाला होता, फक्त त्यावर ऐकायला काही नव्हतं. हे मी खाली कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखी परिस्थिती नव्हती.

पाइप ट्यूबने थांबेना. टाकी कोरडीच राहिली. मग सिद्धाप्पांनी टँकर मागवला आणि तो दुपारी आल्याबरोबर सगळी बिल्डिंग त्याच्यावर पडली. नळीसाठी ओढाओढ झाली, एक हंडा चेपला, दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या पिढ्या काढल्या. मी बाजूला उभा होतो. नळीला हात लावायचा हक्क माझा उरलेला नाही असं बऱ्याच जणांनी सूचित केलं होतं. आणि तेवढ्यात जिन्यातून सासूबाई आल्या. गेले कित्येक महिने ज्या उतरल्या नव्हत्या त्या कठडा धरून, एकेक पायरी बसत दोन जिने उतरून आल्या होत्या. कडेवर रिकामी कळशी.

त्या टँकरपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “नळी सोडा आदी. लाईन करा.”

आवाज मंगळवेढ्याच्या रानातून हाक मारल्यासारखा. नळी धरणाऱ्याने नळी सोडली. पुढचं सगळं त्यांनी लावून दिलं. टँकरच्या रांगेत माजा जलम गेला, हे त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, त्यामुळे अधिकाराचा प्रश्न आला नाही. लहान पोरं असलेलं घर आधी. एका घराचं एकच भांडं, मग दुसरी फेरी. कोणी काही कुरकुरलं तर त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि हा रांग लावणाऱ्याचा केवढा मोठा गुण आहे ते मला त्या दिवशी दिसलं. खुद्द सेक्रेटरी सिद्धाप्पा दोन बादल्या घेऊन आले, तेव्हा त्यांना एक बादली खाली ठेवायला लागली. त्यांनी ती ठेवली. हुसेनसाब नळीवर होते आणि त्यांना थांबा-सोडाचे हुकूम सुटत होते. असा कंडक्टर मला नोकरीत मिळाला नाही, असं ते माझ्या कानात म्हणाले.

टँकर रिकामा झाला तेव्हा सगळ्यांच्या घरी पाणी होतं. हुसेनसाबांच्या पत्नी अजीजाचाची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आल्या, सासूबाईंना तीवर बसवलं आणि चहा दिला. अजीजाचाचींना दोन मुलगे, दोघे परगावी. त्याही दिवसभर खिडकीत असतात. दोघींचं बोलणं सुरू झालं. एक देशी मराठीत आणि दुसरी दख्खनीत, आणि दोघी मोठ्याने, कारण अजीजाचाचींना बघता बघता सासूबाईंच्या कानाचा अंदाज आला होता. तिखट कुठून आणता इथपासून गेलेल्या माणसांपर्यंत दोघी पोहोचल्या. अंधार पडायला लागला तेव्हा रेश्मा त्यांना हात धरून वर घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी त्या परत उतरल्या. तिसऱ्या दिवशीही. पाइप दुरुस्त झाला, खड्डा बुजला, आणि अर्थिंगचा विषय माझ्या हयातीत काढायचा नाही असं ठरलं. केबलवाला मुबीन येऊन वायर जोडून गेला. बिल्डिंगभर टीव्ही सुरू झाले आणि माझ्या अँप्लीत हम परत आला, अगदी होता तसा. पण आता तो कुठून येतो ते मला ठाऊक होतं. कपाटातला एक छोटा ट्रान्सफॉर्मर काढून मी टीव्ही आणि अँप्ली यांच्या मध्ये बसवला, अर्ध्या तासाचं काम. हम गेला. पहिल्या झटक्यात, काही न फुटता. त्या वेळी घरात कोणी नव्हतं. माझ्या हातून आयुष्यात एवढं सुंदर काम झालेलं नाही आणि त्याला एक साक्षीदार नाही.

संध्याकाळी सातला मी सासूबाईंना आग्रहाने वर बोलावलं. खुर्चीत बसवलं, स्पीकर कानाशी आणला, मालिका लावली. सून बोलत होती आणि तिचा शब्दन् शब्द मोत्यासारखा येत होता. सासूबाई पूर्ण भाग संपेपर्यंत बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चांगलं केलंत जावईबापू. बाई शेजारी बसून बोलल्यागत वाटतंय.” मी काहीतरी नम्र उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात त्या कठडा धरायला उठल्या. “अजीजा खाली वाट बगत आसंल,” त्या म्हणाल्या. “उद्यापासनं तुमी बगा आन मला येऊन सांगा.”

आकिती आली. पुरणपोळी झाली, एक ताट तळमजल्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी रेश्माने गोळ्या काढायला पिशवी ओढली तर ती रिकामी होती आणि लुगडी कपाटात लावलेली होती. तिने मला बोलावून ती रिकामी पिशवी दाखवली.

तेव्हापासून रोज सातला त्या उत्कृष्ट स्पीकरसमोर मी बसतो. मालिका मला कधीच आवडली नव्हती, अजूनही आवडत नाही, पण लक्ष देऊन बघावी लागते, कारण खाली उलटतपासणी होते. भाग संपला की मी दोन जिने उतरतो आणि सगळं सांगतो, मोठ्याने. अजीजाचाचींनी मालिका कधी बघितलेली नाही, त्यामुळे त्यांना मुळापासून प्रश्न पडतात. सून इतकी शिकलेली आहे तर बोलत का नाही? सासूला दुसरं काही काम नाही का? मला उत्तरं येत नाहीत. मग सासूबाई माझ्याकडे, वर्गात न ऐकणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघतात.

एके दिवशी शाळेत पेपर तपासण्यात अडकलो आणि भाग चुकला. ते कबूल करायला मी भीत भीत खाली गेलो. कोणी मला विचारलंच नाही. दोघींनी आजचा भाग आपापसांत घडवून टाकला होता. सून घर सोडून गेली होती, तिने जेवणाची मेस काढली होती आणि सासूला आठवड्यातच जाणवलं होतं की घरात आपल्याशी बोलायला कोणी नाही, म्हणून सासू पिशवी घेऊन मेसमध्ये भाजी चिरायला गेली होती. भाजीत मीठ किती यावरून दोघींचं जरा वाजलंही होतं. हुसेनसाब खिडकीतून ऐकत होते. मी पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सातला नेहमीप्रमाणे टीव्ही लावला. सून स्वयंपाकघरातच होती आणि ओट्याशी उभी राहून रडत होती. आवाज स्वच्छ होता, कुठेही घरघर नाही. मी थोडा वेळ बघितलं. मग टीव्ही बंद केला आणि खरं काय झालं ते ऐकायला खाली गेलो.